वैतरणेचे देणे

त्र्यंबकच्या डोंगरमाथ्यावर पावसाचे दोन थेंब हातभर अंतराने पडले, तरी त्यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होऊ शकतात. पूर्वेच्या उतारावरचा थेंब गोदावरीत जातो आणि सुमारे १,४६५ किलोमीटरची वाटचाल करून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळतो. पश्चिमेकडे कललेला थेंब वैतरणेत उतरतो, आणि त्याच्या जेमतेम एक दशांश वाट चालून अर्नाळ्याच्या उत्तरेस अरबी समुद्रात विसावतो. गोदावरीला दक्षिणगंगा म्हणून मान मिळाला, तिच्या काठी कुंभमेळे भरले, राजधान्या वसल्या. तिच्या या पाठच्या बहिणीची फारशी कोणी दखल घेतली नाही. वसई-विरारहून रोज गाडीने डहाणूकडे जाणारे आपले बांधवसुद्धा वैतरणेचा पूल आला की क्षणभर खिडकीबाहेर पाहतात आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतात. आजच्या लेखात या उपेक्षित नदीविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे. त्यांतील शेवटची गोष्ट आपल्या घरातील नळापर्यंत येऊन पोचते, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रथम नावाविषयी. वैतरणी म्हटले की आपल्या हिंदू शेजाऱ्यांना गरुडपुराणातील, यमलोकाच्या वाटेवरची, गाईचे शेपूट धरून तरून जावयाची नदी आठवते. महाभारताच्या वनपर्वात पांडव ज्या वैतरणीकाठी जातात ती कलिंग देशातली, म्हणजे आजच्या ओडिशातली. तिचा आपल्या नदीशी संबंध नाही. मात्र नावामागे मृत्यूची सावली आपल्याकडेही अधूनमधून पडत आली आहे. १८८८ च्या नोव्हेंबरात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात सापडून सातशेहून अधिक उतारूंसह बुडालेल्या आगबोटीचे नाव ‘वैतरणा’ होते. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘विजळी’ म्हणत, आणि गुजरातेत तिची शोकगीते अजून गाइली जातात. आमच्या समजुतीप्रमाणे मात्र या नावाच्या नदीइतकी जीवन देणारी दुसरी नदी उत्तर कोकणात नाही.

जेवढ्या भूमीवरचा पाऊस अखेर एकाच मुखाने समुद्रात जातो, तेवढ्या साऱ्या भूमीला नदीचे खोरे म्हणतात. वैतरणेच्या खोऱ्यात त्र्यंबक-इगतपुरीची डोंगरपट्टी येते, मोखाडा-जव्हारच्या पठारांचा बराचसा भाग येतो, शहापूरचा उत्तरेकडील जंगलभाग, वाडा, विक्रमगड, पालघर तालुक्याचा दक्षिण भाग आणि वसई तालुक्याची उत्तर बाजू येते. पिंजाळ, गारगाई, देहर्जा, सूर्या आणि तानसा या तिच्या प्रमुख उपनद्या. तालुक्यांच्या सीमा माणसांनी आखल्या. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या पुन्हा आखल्या गेल्या. खोऱ्याची सीमा मात्र डोंगरांच्या कण्यांनी आखलेली असते व ती कोणत्याही सरकारी अधिसूचनेने बदलत नाही. ख्रिस्तसभेच्या नकाशावर पाहिले तर या नदीचा उगम नाशिक धर्मप्रांतात आहे, मधला व खालचा प्रवाह वसई धर्मप्रांतात आहे, आणि तिचे पाणी पिणारी बहुसंख्य माणसे मुंबईच्या महाधर्मप्रांतात राहतात. हे तिसरे वाक्य भूगोलाच्या नियमात बसत नाही. ते कसे घडले हे पुढे येईलच.

या खोऱ्याच्या माथ्यावर शंभर इंचांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. खाली काळा बेसाल्ट दगड, वर मातीचा पातळ थर. असा खडक पाणी पोटात फार काळ ठेवीत नाही. श्रावणात ज्या ओढ्यातून माणूस वाहून जाईल, तोच ओढा नाताळच्या सुमारास क्षीण होतो, आणि तपःकाळात त्याच्या पात्रातले दगड कोरडे पडलेले दिसतात. महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी हे या माथ्यावरचे मूळ रहिवासी. वर्षात शंभर इंच पाऊस झेलून एप्रिल-मे महिन्यांत कोसभर अंतरावरून हंडा आणणे हे तेथील स्त्रियांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले आहे.

डोंगर उतरल्यावर नदी शांत होते. वाड्याच्या सपाटीवर तिच्या व तिच्या उपनद्यांच्या गाळावर जो तांदूळ पिकतो, तो वाडा कोलम म्हणून प्रसिद्ध आहे. त्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे मनोरच्या परिसरात एक नवल घडते. समुद्र अजून बराच दूर असताना भरतीचे पाणी नदीतून उलटे चढत येथवर येऊन भिडते. मनोरच्या खाली वैतरणा अर्धी नदी आणि अर्धी खाडी आहे. तिवरांची रांग, खाजणे, मिठागरे, आणि सफाळे व वैतरणा या स्थानकांच्या मधोमध दोन फाट्यांच्या कवेत सापडलेले वाढीव हे बेट. या बेटावरील माणसांनी वर्षानुवर्षे रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेने जीव मुठीत धरून ये-जा केली. १८६४ साली मुंबईपर्यंत धावू लागलेल्या त्या लोहमार्गाने नदी ओलांडली, पण नदीतल्या माणसांना पार नेण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. मुखाच्या अलीकडे विरारजवळचे मारंबळपाडा आणि पलीकडचे जलसार यांमधील फेरीबोट वाहनांसह २०२५ साली सुरू झाली. तोवर समोर दिसणाऱ्या गावाला गाडीने जायचे तर महामार्गावरून कित्येक मैलांचा वळसा पडे.

आता इतिहासाकडे वळू. वैतरणेची खाडी आणि उल्हास नदीची वसई खाडी या दोन मुखांमध्ये जी भूमी सापडली आहे तीच आपली वसई. जुन्या नकाशांत ती बेट म्हणूनच दाखवीत, कारण सोपाऱ्याची खाडी तिला मुख्य भूमीपासून तोडीत असे. या खाडीवर शूर्पारक, म्हणजेच सोपारा, हे बंदर उभे होते. ग्रीक खलाशांना ते ठाऊक होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली येथे मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये आपल्या भुईगावात. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच १८८२ साली येथील स्तूप खणून काढला. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात त्याने गोवर्धन येथे, म्हणजे नाशिकाशेजारी, आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे नमूद आहे. घाटमाथा आणि बंदर ही दोन टोके तेव्हाही एकाच दात्याच्या मनात होती. पुढे सोपारा बंदर म्हणून संपले, कारण खाडी गाळाने भरत गेली. तो गाळ कोठला, असे विचारले तर बोट डोंगरांकडेच करावे लागते.

याच सोपाऱ्याशी आपल्या श्रद्धेचा एक फार जुना धागा बांधलेला आहे. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे तोलेंतिनोचे फादर थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे ब्रदर दिमित्री या चौघा फ्रान्सिस्कनांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले. त्यांचा सोबती, डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन कातालानी, त्या वेळी भडोचच्या वाटेवर निघाला होता; म्हणूनच तो वाचला. परत येऊन त्याने हुतात्म्यांचे देह ठाण्याहून सोपाऱ्यास आणले व तेथे पुरले. त्याच वर्षीच्या पत्रात, ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचे तो लिहितो. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्यापूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे घडलेली ही हकीकत आहे. ‘आमचा धर्म फिरंग्यांबरोबर आला’ असे जे सरसकट बोलले जाते, त्याला या एका पत्राने छेद जातो, हे आपल्या मुलामुलींना माहीत असावे.

पोर्तुगिजांविषयी लिहिताना आपल्या लेखणीला एक सवय जडली आहे: चर्चे सांगायची आणि जाळपोळ गाळायची. वैतरणेच्या मुखाशी असलेले आगाशी हे सोळाव्या शतकात इमारती लाकूड व जहाजबांधणी यांसाठी नावाजलेले होते, आणि वसईचा तह होण्याआधी, १५३० च्या सुमारास, पोर्तुगिजांच्या आरमाराने ते जाळले. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांच्या हवाली केली. पुढे १५५६ च्या सुमारास त्यांनी अशेरी आणि मनोर ही ठाणी मिळविली. डोंगरातल्या त्या अवघड किल्ल्याचा मोह समुद्रावर जगणाऱ्या या लोकांना का पडावा? उत्तर सागाच्या रानात आहे. जहाजाला लाकूड लागते, आणि चांगले लाकूड वैतरणा-सूर्येच्या मधल्या खोऱ्यात होते. तोडलेले झाड खाली आणायला नदीसारखा स्वस्त रस्ता नाही. वसईचे वैभव म्हणून जे आपण सांगतो त्याची मुळे मनोरच्या जंगलात होती. ती झाडे कोणी तोडली, कोणी ओढली, त्यांना काय मिळाले, याची नोंद मात्र त्या वैभवाच्या कथेत सहसा येत नाही.

मराठ्यांनी हे भौगोलिक सूत्र नेमके ओळखले. १७३७ साली मोहीम सुरू होताच त्यांनी अर्नाळ्याचे बेट घेतले. वैतरणेचे तोंड त्यांच्या ताब्यात आले आणि त्यांनी तेथे भक्कम किल्ला उभारला. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. या विजयासाठी केलेला नवस फेडण्याकरिता त्यांनी तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले असे सांगतात. त्या देवळाच्या परिसरात, अकलोली व गणेशपुरी येथे, गरम पाण्याची कुंडे आहेत, आणि आपल्यातील कित्येक आजी-आजोबा सांधेदुखीवर उपाय म्हणून तेथे बिनदिक्कत जाऊन आले आहेत.

आतापर्यंत नदी खाली जे नेत होती ते तिच्या स्वाभाविक वाटेने नेत होती. १८९२ साली ही वाटच बदलली. मुंबई वाढत होती. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव पुरे पडेनात. तेव्हा सुमारे शंभर किलोमीटर दूर, तानसा नदीवर, जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण बांधण्यात आले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डोंगराच्या उंचीमुळे पाणी नुसत्या उताराच्या बळावर नळांतून शहराकडे धावू लागले. वैतरणेच्या खोऱ्यातले पाणी प्रथमच डोंगराचा कणा ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात गेले. पुढे १९५७ साली खुद्द वैतरणेवर मोडकसागर झाला. नगर अभियंता मोडक यांचे नाव त्याला दिले आहे. १९७० नंतरच्या दशकात इगतपुरीच्या बाजूला ऊर्ध्व वैतरणा पुरी झाली, आणि २०१२ च्या सुमारास मोखाडा तालुक्यात शंभर मीटरांहून उंच असे मध्य वैतरणा धरण उभे राहिले. आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे या एका खोऱ्यातून येते. उरलेल्यातील बहुतेक भातसा देते. गारगाई व पिंजाळ यांवरही धरणे बांधण्याचे प्रस्ताव आहेत.

मुंबईला पाणी मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. तेथे आपलीच माणसे राहतात, आणि परळ-भायखळ्याच्या चाळीतल्या नळाखाली घागर लावणारी बाई मोखाड्याच्या बाईइतकीच कष्टाळू होती. परंतु ज्या मोखाडा तालुक्यात देशातील नावाजलेले धरण उभे आहे, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, आणि ही बातमी दर वर्षी एप्रिल-मेमध्ये वर्तमानपत्रांत जवळजवळ त्याच शब्दांत छापून येते. पाणी त्यांच्या डोळ्यांसमोर खाली दरीत साठलेले असते. ते वर चढवायला पंप लागतो, विजेची तार लागते, आणि त्यासाठी आग्रह धरणारा कोणी लागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात, पिण्याचे शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे लिहिले. आपल्या धर्मग्रामांत त्यावर व्याख्याने झाली. त्या व्याख्यानांत मोखाड्याचे नाव आम्हांला क्वचितच ऐकू आले.

आता वसईकडे येतो. आपल्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांना नदीचे पाणी कधी लागलेच नाही. वाळूच्या थरात मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर गोड सायीसारखा तरंगतो, आणि या सायीवर आपल्या पूर्वजांनी केळी, ऊस, पानवेली व मोगरा फुलविला. विहीर, रहाट आणि बावखल या तिन्हींची मर्यादा अशी की जेवढे पाझरेल तेवढेच उपसता येई. रहाटाचा रेडा थकला की विहिरीलाही विश्रांती मिळे. विजेचे पंप आले आणि ही मर्यादा गेली. मग पूर्वेकडील वसाहती वाढल्या व विहिरींचे पाणी टँकर भरभरून विकले जाऊ लागले. साय ओरबाडली की खालचे खारे पाणी वर येते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. कॅथलिक, हिंदू, मुसलमान सारे त्या चळवळीत आले. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले तेव्हा उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांचा गौरव झाला, आणि तो यथायोग्यच होता. परंतु वसईच्या जुन्या शेतकऱ्यांच्या आठवणीत ते मुख्यतः टँकरसमोर उभे राहिलेले धर्मगुरू म्हणून राहतील.

त्या चळवळीचा युक्तिवाद साधा होता: जेथले पाणी तेथल्या माणसांची गरज आधी भागावी, मग ते इतरांस द्यावे. हा युक्तिवाद आम्हांला आजही अचूक वाटतो. अडचण अशी की तो वैतरणेच्या खोऱ्यात वरच्या बाजूलाही तितकाच लागू पडतो.

सूर्या ही वैतरणेची उपनदी. जव्हारच्या डोंगरांतून निघून ती धामणीला येते. तेथे धरण आहे, खाली कवडासला बंधारा आहे, आणि तेथून कालवे निघतात. डहाणू, विक्रमगड व पालघर या तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी भिजाव्यात, त्यांना पावसाळ्यानंतर दुसरे पीक घेता यावे, वीटभट्ट्यांवर व वसई-भिवंडीच्या बांधकामांवर स्थलांतर करावे लागू नये, हा या प्रकल्पाचा मूळ हेतू होता. धरणासाठी उठलेली गावेही आदिवासींची होती. परंतु शहरे वाढली आणि धामणीच्या पाण्याचे वाटे पुन्हा पुन्हा पाडले गेले. वसई-विरारला प्रथम रोज १० कोटी लिटर पाणी मिळाले, मग आणखी १० कोटी लिटर. त्यानंतर मेंढवणखिंड व तुंगारेश्वरच्या डोंगरांतून बोगदे खणून रोज ४० कोटी ३० लाख लिटरची नवी योजना आखली गेली: त्यातील २१ कोटी ८० लाख मीरा-भाईंदरसाठी आणि १८ कोटी ५० लाख वसई-विरारसाठी. आपला वाटा २०२३ च्या अखेरीस येऊ लागला. सूर्येच्या शेतकऱ्यांनी या वाटपाविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा त्यांच्या फलकांवरचा मजकूर आम्हांला ओळखीचा वाटला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वसईच्या रस्त्यांवर आपल्याच माणसांच्या हातांत जवळजवळ तसेच फलक होते.

खोऱ्याच्या खालच्या टोकाला राहणाऱ्याने वरून काही घ्यावे, यात नवीन काहीच नाही. पोर्तुगीज वसईने साग घेतला, मुंबईने पाणी घेतले, आणि अलीकडच्या काळात खाडीतली रेती सक्शन पंपांनी उपसून आपल्या आणि मुंबईच्या इमारतींत गेली, इतकी की वैतरणेवरील रेल्वे पुलांच्या पायांनाच धोका असल्याचे सांगितले जाऊ लागले. फरक एवढाच की आता घेणाऱ्यांच्या रांगेत आपण स्वतः उभे आहोत. नालासोपारा-विरारच्या पूर्वेस दाटीवाटीने राहणारी लाखो माणसे, त्यांत आपले धर्मग्रामस्थही आले, या पाण्यावाचून जगू शकत नाहीत. त्यांचा नळ बंद करावा असे म्हणणे अमानुष होईल. पण कालव्याच्या शेपटाकडच्या शेतापर्यंत पाणी पोचते की नाही, कालव्यांची गळती बुजवली जाते की नाही, आणि शहराच्या पाणीपट्टीतला काही हिस्सा धामणीच्या विस्थापितांच्या नळयोजनेवर खर्च होतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार आता आपल्यालाही आहे. आपल्यातील काही जण महानगरपालिकेत निवडून जातात. तेथे पाण्यावर चर्चा होते ती बहुधा ‘आम्हांला किती’ एवढीच.

तपःकाळात आपल्या अनेक चर्चमधून डोंगरातल्या मिशन केंद्रांना मदत पाठविली जाते. कपडे जातात, तांदूळ जातो, वह्या-पुस्तके जातात. या वर्षी जे तरुण ती पोचवायला जातील, त्यांनी परतीच्या वाटेवर कवडासचा बंधारा जरूर पाहावा. महामार्गावर मनोरपासून तो फार दूर नाही. एका बाजूला कालवा सुटतो, दुसऱ्या बाजूला पाणी शुद्ध करण्याच्या टाक्यांकडे व्यवस्था आहे, आणि जवळच्या पाड्यावर कोणाला विचारले तर कालव्याला या हंगामात किती दिवस पाणी होते ते नेमके सांगतील.